आमची इमारत किती रिश्टरपर्यंत टिकेल?

प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. पुण्यातली १९९८ सालची सोसायटी. खाली मोकळं पार्किंग, वर चार मजले. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'आठ रिश्टरपर्यंत भूकंपरोधक' असं छापलेलं. मागच्या वर्षी स्ट्रक्चरल ऑडिट झालं, त्यात गच्चीची गळती आणि थोडं प्लास्टर सोडता सगळं ठीक आलं. आता कमिटीत प्रस्ताव आहे की पार्किंगच्या चारही कडांना कमरेएवढी विटांची भिंत घालून वर जाळी लावायची, म्हणजे भटकी कुत्री आणि परक्या गाड्या आत येणार नाहीत. तुम्ही विचारताय की इमारत नक्की किती रिश्टरपर्यंत टिकेल आणि ऑडिट झाल्यावर आणखी काही करायची गरज उरते का.

मी आरसीसी डिझाइन करतो. अलीकडे नव्या इमारतींपेक्षा जुन्यांची तपासणी आणि मजबुतीकरण हेच काम जास्त असतं. रिश्टरचा आकडा मी देणार नाही आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ऑडिट झालं तरी तुमच्या मूळ शंकेला त्यात हातच लागलेला नाही. आणि ती कमरेएवढी भिंत कृपा करून बांधू नका. बाकी सगळं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं कमिटीला सांगा. कारणं आता सांगतो.

रिश्टरचा आकडा भूकंपाचा असतो, इमारतीचा नसतो. जमिनीखाली एकूण किती ऊर्जा सुटली ते तो सांगतो. तुमच्या प्लॉटखालची जमीन किती हलेल हे अंतरावर, खोलीवर आणि खाली खडक आहे की गाळ यावर ठरतं. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. जगाच्या हिशोबात तो मध्यमच. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला धक्का बसला आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती व त्यांच्यावरची जड माळवदं अंगावर येऊन जवळपास दहा हजार माणसं गेली. तो भाग तेव्हाच्या नकाशात झोन एकमध्ये होता, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. भूकंपासाठीचा जो भारतीय मानक कोड आहे, आयएस १८९३, त्याच्या २००२ च्या आवृत्तीत झोन एक रद्दच झाला आणि लातूर झोन तीनमध्ये आलं. 'पुण्यात कुठे मोठा भूकंप होतो' असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच. त्यांना किल्लारी आठवून द्या, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचं कोयनानगरही.

पण तुमच्या इमारतीसाठी खरा धडा यापैकी कुठलाच नाही, तो अहमदाबादचा आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचं केंद्र भुजजवळ होतं, तिथून अहमदाबाद दोनशे किलोमीटरहून जास्त दूर. अहमदाबादही पुण्यासारखंच झोन तीनमध्ये. तिथे नोंदलं गेलेलं जमिनीचं कमाल त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम ११ टक्के होतं, म्हणजे झोन तीनमध्ये अपेक्षित धरतात त्याहून फार वेगळं काही नाही. तरीही शहरात शंभराहून जास्त आरसीसी इमारती पडल्या आणि सातशेहून जास्त माणसं गेली. पडलेल्यांपैकी बहुतेकांची ठेवण तुमच्यासारखी होती: खाली मोकळं पार्किंग, वर चार मजले किंवा दहा मजले, २३० मिलिमीटर रुंदीचे कॉलम. साबरमतीच्या गाळाच्या जमिनीने हादरा वाढवला हे खरं. पण त्याच गाळावर शेजारच्या, तळमजल्यावर भिंती असलेल्या इमारती उभ्या राहिल्या. भुजनंतर आयआयटी कानपूरच्या सुधीर जैन आणि सी. व्ही. आर. मूर्ती यांच्यासारख्या अभ्यासकांनी या पाहण्यांमधून जे मांडलं, त्यातलं बरंचसं पुढे कोडमध्ये उतरलं.

हे का होतं ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. वरच्या मजल्यांवर कॉलम-बीमच्या चौकटीत विटांच्या भिंती घट्ट बसलेल्या असतात. डिझाइन करताना आपण त्या फक्त वजन म्हणून धरतो, पण हादऱ्यात त्या चौकटीला तिरक्या टेकूसारखा आधार देतात आणि ते मजले कमालीचे ताठ होतात. पार्किंगच्या मजल्यात भिंतीच नाहीत. म्हणजे जड पेटारा बारीक बांबूंवर ठेवल्यासारखी स्थिती. इमारतीला हादऱ्यात जेवढं आडवं सरकायचं आहे ते सगळं पाच मजल्यांत वाटलं न जाता एकट्या पार्किंगच्या मजल्यात होतं. त्या तीन मीटर उंचीच्या कॉलमची दोन्ही टोकं फुटतात आणि वरचे चार मजले जवळजवळ अखंड खाली बसतात. अहमदाबादच्या फोटोंत पहिल्या मजल्याची बाल्कनी थेट जमिनीला टेकलेली दिसते, ती अशी.

ताठपणा जिथे अचानक बदलतो तिथेच नुकसान गोळा होतं, हे फक्त पार्किंगपुरतं नाही. कोयना धरणाला १९६७ मध्ये तडे कुठे गेले? पायाशी नाही. धरणाच्या मागच्या, म्हणजे पाणी अडलेलं नसतं त्या बाजूचा उतार वरच्या भागात जिथे एकदम बदलतो, त्या पातळीला गेले. धरण टिकलं, नंतर त्याला मागून काँक्रीटचे आधार देऊन बळकट केलं. धरणावर काम करणारे आणि आम्ही इमारतीवाले एकमेकांशी क्वचितच बोलतो, पण हा मुद्दा दोघांचा सारखाच आहे.

आता थोडे आकडे. तुमच्या एका मजल्याचं क्षेत्र अडीचशे चौरस मीटर धरू. आरसीसी इमारतीचं वजन भिंती-फरशीसकट चौरस मीटरला ढोबळ १.२ टन पकडतात. पाच स्लॅब म्हणजे सुमारे १५०० टन. झोन तीनचा गुणक ०.१६. इतक्या कमी उंचीच्या साध्या चौकटीच्या इमारतीला कोडच्या सूत्राप्रमाणे वजनाच्या साधारण पावणेसात टक्के आडवं बल येतं, म्हणजे १०० टन. लवचीक तपशील, म्हणजे चौकट वाकेल पण तुटणार नाही अशी सळयांची मांडणी, नीट दिले असतील तर कोड सूट देतो आणि ते ६० टनांवर येतं. आणि कोडने त्या झोनसाठी कल्पिलेल्या सर्वांत मोठ्या हादऱ्यात इमारत जराही न फुटता उभी ठेवायची असेल तर? ६०० टन.

म्हणजे आपण मुद्दामच येणाऱ्या बलाच्या सहाव्या किंवा दहाव्या हिश्शासाठी डिझाइन करतो. ही चलाखी नाही, जगभर असंच करतात, नाहीतर घर कुणालाच परवडणार नाही. उरलेला हिशोब सळई ताणली जाऊन, काँक्रीटला तडे जाऊन, पण कॉलम न कोसळता भागवायचा असतो. म्हणून 'भूकंपरोधक' या शब्दाचा कोडमधला अर्थ 'इमारतीला काही होणार नाही' असा नाहीच. मोठ्या हादऱ्यात तडे जातील, कदाचित इमारत पुन्हा राहण्याजोगी उरणार नाही, पण माणसं जिवंत बाहेर पडतील, एवढंच ते आश्वासन आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात हे कधी छापलेलं दिसत नाही.

आणि हे आश्वासन सगळं रिंगांवर उभं आहे. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ज्या आडव्या रिंगा बांधतात, त्या. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला त्या १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतरावर नकोत आणि त्यांचे हुक १३५ अंशांत आतल्या काँक्रीटमध्ये वळवलेले हवेत. साइटवर फिटरला ९० अंशांचा हुक सोपा पडतो. रोजच्या वजनाला तो चालून जातो, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. हादऱ्यात कव्हर, म्हणजे सळयांवरचं बाहेरचं काँक्रीट, उडालं की ९० चा हुक उघडतो, रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम संपतो. कॅलिफोर्नियात ९ फेब्रुवारी १९७१ च्या भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू नावाच्या नव्याकोऱ्या हॉस्पिटलचा तळमजला जवळपास दोन फूट सरकला. ज्या कॉलमना दाट वेढ्यांची सर्पिल सळई गुंडाळलेली होती ते वाकले, कव्हर गळालं, पण त्यांनी वरचे मजले धरून ठेवले. त्याच मजल्यावरचे विरळ रिंगांचे कोपऱ्यातले कॉलम मात्र चुरा झाले. एकाच इमारतीत, एकाच हादऱ्यात मिळालेला इतका स्वच्छ पुरावा क्वचितच सापडतो.

तुमच्या इमारतीत या रिंगा कशा असतील? इथे सालाला महत्त्व आहे. लवचीक तपशिलांचा स्वतंत्र कोड, आयएस १३९२०, आला १९९३ मध्ये. पण त्या आवृत्तीत झोन तीनमधल्या साध्या निवासी इमारतींना तो पाचपेक्षा जास्त मजले असतील तरच लागू होता. पार्किंग अधिक चार म्हणजे बरोबर पाच. तुमची इमारत नियमातून काठावर सुटली. २००२ मध्ये, भुजनंतर, ही सूट गेली. त्याच वर्षी आयएस १८९३ मध्ये मोकळ्या तळमजल्याचा मुद्दा पहिल्यांदा स्पष्ट आला: अशा मजल्याचे कॉलम-बीम अडीचपट बलासाठी डिझाइन करा. तुमची इमारत झाली तेव्हा १९८४ ची आवृत्ती चालू होती आणि तिच्यात यातलं काही नव्हतं. म्हणून तुमच्या बिल्डरने किंवा कन्सल्टंटने नियम मोडला असं मी म्हणत नाही. नियम पाळूनही इमारत कमकुवत असू शकते, एवढंच म्हणतोय.

(अडीचपटीच्या नियमावर आमच्यात पुष्कळ वाद झाले. कॉलमबरोबर बीमही तेवढाच तगडा केला तर फुटायचं काम पुन्हा कॉलमवरच येतं, हा आक्षेप मला पटतो. २०१६ च्या आवृत्तीने भर दिला तो मोकळ्या मजल्यात काँक्रीटच्या भिंती घालण्यावर. त्या मजल्याचा ताठपणा वरच्या मजल्याच्या ८० टक्क्यांहून आणि ताकद ९० टक्क्यांहून जास्त हवी, असं ते मोजमाप आहे.)

आता ऑडिट. आपल्याकडे सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलं आहे. नियम चांगला आहे. पण त्या ऑडिटमध्ये रिबाउंड हॅमर मारून काँक्रीटचा अंदाज घेतात, अल्ट्रासॉनिक चाचणी करतात, फार तर काँक्रीटचे चार-दोन कोअर, म्हणजे गोल नमुने, कापून काढतात, गंज किती चढलाय ते बघतात. म्हणजे इमारत आज आपलं स्वतःचं वजन नीट पेलते आहे का, याचं उत्तर मिळतं. आडव्या बलाची आकडेमोड त्यात नसते आणि रिंगा उघडून कुणी बघत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक अहवालांत भूकंपाचा उल्लेख शेवटच्या पानावरच्या एका वाक्यापुरता असतो. काँक्रीट उत्तम आणि तळमजला धोकादायक, हे दोन्ही एकाच इमारतीबद्दल खरं असू शकतं.

तुम्हाला हवं आहे ते भूकंपीय मूल्यमापन. त्यासाठी आयएस १५९८८ हा २०१३ चा वेगळा कोड आहे आणि जुन्या इमारतीच्या उरलेल्या आयुष्याचा विचार करून बल काहीसं कमी धरायची मुभा त्यात आहे. कन्सल्टंटला या कोडचं नाव घेऊनच काम सांगा. नुसतं 'ऑडिट करा' म्हणालात तर पुन्हा हॅमरच येईल.

त्याआधी तुम्हाला स्वतःला तासाभरात बघता येण्यासारखं बरंच आहे. पार्किंगमध्ये टेप घेऊन उतरा. कॉलमची अरुंद बाजू किती? २३० असेल तर पुढे बघा की सगळे कॉलम एकाच दिशेला लांबट आहेत का. गाड्या सोयीने लागाव्यात म्हणून ते तसे लावलेले असतात आणि मग इमारत एका दिशेला बरी, दुसऱ्या दिशेला अगदीच लेची होते. नंतर बाहेर उभं राहून वर बघा. पहिल्या मजल्यापासून फ्लॅट पार्किंगच्या कॉलमच्या ओळीबाहेर आलेले आहेत का? तिथे वरचा कॉलम बीमच्या टोकावर उभा असेल, खाली जमिनीपर्यंत जात नसेल, तर ती गंभीर गोष्ट आहे. अहमदाबादला असे तरंगते कॉलम पुष्कळ होते. लिफ्ट असेल तर तिच्या भोवतीची भिंत काँक्रीटची आहे की विटांची, तेही विचारा. काँक्रीटची असली तरी ती स्लॅबला नीट जोडलेली लागते. अहमदाबादला काही ठिकाणी लिफ्टचा मनोरा एकटा उभा राहिला आणि इमारत त्याच्यापासून सुटून खाली गेली. गच्चीवर मूळ नकाशात नसलेल्या जादा टाक्या चढल्यात का, हेही टिपून ठेवा. एक-दोन कॉलमचं कव्हर खालच्या टोकाला फोडून रिंगा बघणं मात्र कन्सल्टंटवरच सोडा. काम छोटं आहे, पण कुठे आणि किती फोडायचं हे त्याने ठरवायचं. महापालिकेतून मिळणारा मंजूर नकाशा आर्किटेक्टचा असतो, सळयांचा तपशील त्यात नसतो. मूळ आरसीसी कन्सल्टंटकडे ड्रॉइंग मिळाली तर अर्धं काम वाचेल.

कमरेएवढ्या भिंतीकडे वळतो. तीन मीटरच्या कॉलमला कमरेपर्यंत, म्हणजे साधारण एक मीटर, भिंतीने दोन्हीकडून घट्ट पकडलं की त्याची वाकायला मोकळी लांबी दोन मीटरच उरते. कॉलमचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून दोन तृतीयांश लांबीला तो जवळपास साडेतीनपट होतो. हादऱ्यातलं बल ताठपणाच्या प्रमाणात वाटलं जातं. आतले मोकळे कॉलम आरामात राहतात आणि कडेचे पकडलेले कॉलम कितीतरी पट बल ओढून घेतात, ज्यासाठी त्यांच्यात रिंगाच नाहीत. ते तिरके कापले जातात, इशारा न देता. कुत्र्यांसाठी जाळीच हवी असेल तर पूर्ण उंचीची लोखंडी जाळी लावा. भिंतच हवी असेल तर ती कॉलमपासून फट ठेवून, स्वतंत्र पायावर.

मग करायचं काय? आकडेमोडीचं उत्तर 'कमी पडतंय' असं आलं, आणि अशा इमारतींत बहुधा येतं, तर माझा कल पार्किंगमधल्या मोजक्या गाळ्यांत, म्हणजे दोन कॉलममधल्या जागांत, काँक्रीटच्या शिअर वॉल (आडवं बल पेलणाऱ्या भिंती) घालण्याकडे असतो. दोन्ही दिशांना आणि शक्यतो समोरासमोर. सगळ्या एकाच कोपऱ्यात घातल्या तर इमारत पिळवटून फिरेल आणि नवा घोटाळा होईल. जागा बहुतेक वेळा जिन्याच्या बाजूला आणि कंपाउंडकडच्या कडांना सापडते. एखाद-दुसरी पार्किंगची जागा जाते आणि खरं भांडण तिथेच होतं. भिंतीला स्वतःचा पाया लागतो, दोन कॉलमची फूटिंग, म्हणजे त्यांच्याखालचे पाये, जोडून घ्यावी लागतात, कारण हादऱ्यात भिंतीचं एक टोक उचललं जायला बघतं. फक्त वरवर भिंत ओतून पाया तसाच ठेवणारं कोटेशन स्वस्त येईल. ते घेऊ नका.

कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे त्याच्याभोवती सळया-काँक्रीटचं नवं कवच घालणं, हा दुसरा मार्ग. तो करायचा तर कॉलमचा पृष्ठभाग खडबडीत करून, नव्या उभ्या सळया खाली फूटिंगमध्ये आणि वर स्लॅबमधून आरपार नेऊन, नव्या रिंगा १३५ च्या हुकने बांधून करायचा. स्लॅबच्या खाली येऊन थांबलेलं जॅकेट कॉलमला जाड करतं, पण टोकाचा जोड, जिथे मोडायचं तिथे, तो तसाच राहतो. दुरुस्तीचे ठेकेदार असं अर्धवट जॅकेट सर्रास करतात आणि बाहेरून ते फार भक्कम दिसतं. पैसे अगदीच नसतील तर निवडक गाळ्यांत पूर्ण उंचीची, वरच्या बीमला घट्ट भिडवलेली विटांची भिंत ही काहीच न करण्यापेक्षा खूप बरी. तीही दोन्ही दिशांना लागते आणि आकडेमोड करूनच. कुठलाही मार्ग घेतलात तरी महापालिकेची परवानगी आधी काढा, कारण पार्किंग बंदिस्त केल्याची तक्रार शेजारचाच कुणीतरी करतो.

यातलं बरंचसं तुमच्या जागेवर अवलंबून आहे. पाया थेट मुरूम-खडकावर असेल तर पुण्यात परिस्थिती अहमदाबादपेक्षा बरी. नदीकाठच्या किंवा भरावाच्या जमिनीवर असेल तर नाही. पुनर्विकासाची बोलणी खरोखर सही-शिक्क्यापर्यंत आली असतील तर जॅकेटिंगवर मोठा खर्च करा असं मी सांगणार नाही. पण 'पाच-सात वर्षांत कधीतरी होईल' या आशेवर असाल, तर निदान भिंतींचं काम करून घ्या. अशा आशेवर वीस वर्षं बसलेल्या सोसायट्या मी ओळखतो.

तुम्ही कॉलमची मापं, त्यांची दिशा दाखवणारा हातानं काढलेला नकाशा आणि तरंगत्या कॉलमबद्दलचं निरीक्षण इथे टाकलंत, तर कोणत्या दिशेला अडचण जास्त आहे आणि कन्सल्टंटला कोणते तीन-चार प्रश्न विचारायचे, एवढं मी नक्की सांगू शकेन. अंतिम मत मात्र जागेवर येऊन, रिंगा डोळ्यांनी बघून सही करणाऱ्याचंच घ्या.